चार दिवसांची फॉरेन ट्रिप आणि आपलं सोलापुरी पोट

पहिली फॉरेन ट्रिप आम्ही एका टूर कंपनीबरोबर केली, नाव घेत नाही, आणि बँकॉकमध्ये पाच दिवसांत सहा वेळा पनीर बटर मसाला खाल्ला. रोज संध्याकाळी बस तसल्याच एका इंडियन हॉटेलसमोर उभी राहायची, आत तीच दाल, तोच जीरा राईस, आणि बाहेर गाड्यांवर काय काय भाजत होते, तळत होते, आमचं सगळं लक्ष काचेच्या पलीकडं. वरून दीड तास दागिन्यांच्या शोरूममध्ये नेऊन बसवलं. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, काय खाल्लं गं तिथं, तर सांगायला काहीच नाही की.

त्यानंतर बँकॉक परत एकदा आपलं आपण केलं, मग सिंगापूर, हनोई, दुबई, सगळ्या चार-पाच दिवसांच्याच, कारण ह्यांचं सुताचं दुकान आहे आणि दुकान आठवडाभर बंद दिसलं की गिऱ्हाईक दुसरीकडं वळतं. बरोबर सासूबाई, पक्क्या शाकाहारी, सोमवारी तर कांदा-लसूणसुद्धा नाही, आणि एक भाचा जो बाहेर सगळं खातो पण घरी कुणाला माहीत नाही (आता झालं माहीत). अशी वरात घेऊन जे जमलं ते लिहितेय, जास्त करून बँकॉकबद्दल, कारण सोलापुरातनं पहिल्यांदा जाणारे बहुतेक तिकडंच जातात.

आधी दिवसांचा हिशोब. मुंबई ते बँकॉक विमान साधारण चार-साडेचार तासांचं, आणि सोलापूर ते मुंबई रेल्वेनं त्याहून जास्त, म्हणजे परदेश जवळ आणि मुंबई लांब अशी आपली गत. त्यामुळं "चार दिवसांची ट्रिप" म्हणजे घरातून सहा दिवस धरा. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी मुंबई आणि त्याच दिवशी दुपारी फ्लाइट असलं जुळवू नका, गाडी लेट झाली की जीव खालीवर. एक दिवस आधी जाऊन नातेवाइकांकडं मुक्काम टाका, त्यांना शेंगा चटणी द्या, ते खूश. आणि बँकॉकचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं असतं, त्यामुळं पहिल्या दिवशी सगळे उशिरा उठतात आणि सकाळ वाया जाते. ती सकाळ वाचवायची, कारण माझा सगळा प्लॅन त्याच सकाळवर उभा आहे.

पहिली सकाळ बाजारात घालवायची. पॉइंट बघणं नंतर. सोलापूर कळायचं असेल तर मंगळवार बाजारात एक चक्कर मारली की पुरते, कुठली भाजी आलीय, काय भाव आहे, कोण मराठीत, कोण कन्नडमध्ये, कोण तेलुगूत घासाघीस करतंय सगळं एका तासात दिसतं. तसंच तिकडं. पहिल्याच सकाळी बाजारात गेलं की आंबा केवढ्याला हे कळतं, नोटा हातात बसतात, लोक सकाळी काय खातात ते दिसतं, आणि मग पुढचे तीन दिवस टुरिस्ट एरियात कुणी तिप्पट भाव सांगितला की आपल्याला लगेच कळतं.

बँकॉकमध्ये मी सांगेन, पाक ख्लोंग तलातच्या फुलबाजारात जा. मेट्रोचं सनम चाय स्टेशन, तिथून चालत. झेंडूचे ढीग, मोगऱ्याच्या कळ्या, कमळाच्या कळ्यांच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडत बसलेल्या बायका. मोगऱ्याच्या छोट्या माळा करतात, फुआंग मालाय म्हणतात, टॅक्सीवाले आरशाला लटकवतात आणि देवाला पण वाहतात. सासूबाई तिथं एका बाईशेजारी पाऊण तास उकिडव्या बसल्या, भाषा एकीची दुसरीला येत नाही, पण गुंफायची पद्धत कळली. हा पाऊण तास कुठल्याच पॅकेजमध्ये मिळत नाही बघा.

तिथून वाट पो देऊळ जवळच, झोपलेल्या बुद्धाचं. मग था तिएनच्या धक्क्यावरनं होडीनं पलीकडं वाट अरुण, होडीला चिल्लर पैसे लागतात. मोठ्या नदीत एक्स्प्रेस बोटी चालतात त्यात नारिंगी झेंड्याची बोट साध्या लोकांची, निळ्या झेंड्याची टुरिस्टांची आणि महाग, धक्क्यावरची पोरगी आपल्याला बघून निळीचंच तिकीट दाखवते. दुपारी पाहुरात, म्हणजे तिथली लिटिल इंडिया, गुरुद्वारा आहे, कापडाची दुकानं आहेत, ज्यांना चपाती आठवायला लागली त्यांना तिथं सोडा. आणि अंधार पडला की याओवारात रोड, चायनाटाऊन. सोमवारी मात्र बऱ्याच गाड्या बंद असतात, सोमवार दुसऱ्या कशाला ठेवा. तिथं गाड्यांवर लालभडक डाळिंबाचा रस बाटलीत विकतात, ह्यांनी घेतला, प्यायला आणि म्हणाले आपल्या सांगोल्याचं डाळिंब गोड. माणूस कुठंही गेला तरी सोलापूर जिल्ह्याचाच.

राजवाडा बघायचा असेल तर बाहेर कुणी गोड बोलून "आज बंद आहे, मी दुसरं देऊळ दाखवतो, टुकटुक स्वस्तात" म्हणालं की सरळ पुढं चालायचं. सहसा बंद नसतो. ते टुकटुक शेवटी खड्यांच्या नाहीतर शिवणकामाच्या दुकानासमोर थांबतं, जुना धंदा आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ह्यांची थ्री-फोर्थ तिथं चालली नाही. आत भिंतींवर रामकियन म्हणजे त्यांचं रामायण चितारलेलं आहे, १७८ चित्रं, हनुमान तर इतका खोडकर काढलाय की सासूबाई प्रत्येक चित्रात आधी हनुमान शोधत होत्या. गाइड न घेता गेलात तरी रामायण आपल्याला पाठ असतं, त्यामुळं कुठं काय चाललंय ते निम्मंअर्धं कळतंच.

आता खाणं, ज्यासाठी हे सगळं.

शाकाहारी माणसानं थायलंडमध्ये एक शब्द पाठ करायचा: जे. पिवळ्या झेंड्यावर किंवा बोर्डावर लाल अक्षर असतं, लांबून इंग्रजीतल्या सतरा आकड्यासारखं दिसतं. तो बोर्ड दिसला की मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, आणि गंमत म्हणजे कांदा-लसूण पण नाही. आमच्या सासूबाईंचा सोमवार तिथं आपोआप पाळला गेला. नुसतं "व्हेज" म्हणाल तर भाज्या घालतील पण फिश सॉस सोडणार नाहीत, त्यांना ते मिठासारखं वाटतं. म्हणून "माई साय नाम प्ला", फिश सॉस नको, आणि "माई साय खाय", अंडं नको. बाईनं बोलताना शेवटी "खा" लावायचं, पुरुषानं "ख्रप", एवढं लावलं की समोरचा माणूस हसतोच. नमस्काराचा त्यांचा शब्द सवत्दी, तो आपल्या स्वस्तिवरनं गेलेला, हातही आपल्यासारखेच जोडतात.

सोलापूरकराला ओळखीचं वाटेल असं तिथं लई आहे. खनोम ख्रोक बघा, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, आणि भाजायचं भांडं म्हणजे हुबेहूब आपलं आप्पेपात्र. मियांग खाम म्हणजे विड्याच्या पानासारखं दिसणारं एक पान, त्यात भाजलेलं खोबरं, शेंगदाणे, आलं, लिंबाचे सालीसकट तुकडे, मिरची, वर गोडसर पाक, आणि एका घासात तोंडात (सुकी कोळंबी असते त्यात, ती नको म्हणायचं). गोकर्णाच्या फुलांचं निळं सरबत मिळतं, लिंबू पिळलं की जांभळं होतं, पोरं दहा वेळा मागतात. कापलेल्या पेरूबरोबर साखर-मीठ-तिखटाची पुडी देतात, शाळेबाहेरच्या गाडीची आठवण येते.

आणि सोम तम. कच्च्या पपईची कोशिंबीर म्हणा, पण करायची पद्धत बघायला उभं राहा. उंच खलात लसूण, मिरची, शेंगदाणे, चवळीच्या शेंगा, टोमॅटो टाकून लाकडी बत्त्यानं टॉक टॉक टॉक, आणि दुसऱ्या हातानं चमच्यानं खालीवर. आपली शेंगा चटणी पण खरी उखळात कुटलेलीच, मिक्सरमधली ती नुसती पूड, तेल सुटत नाही तिला, हे सोलापुरात कुणाला सांगायची गरज नाही. तर त्या बाईला सांगायचं सुकी कोळंबी आणि फिश सॉस नको, मीठ घाल, मग ती आपल्यासमोरच वेगळं कुटून देते. एक सूचना: खल धुऊन घे म्हणायला लाजू नका. आणि तिखट खातो म्हणून "फेत माक" म्हणजे लई तिखट असं छातीठोक सांगू नका. भाच्यानं सांगितलं. आपलं तिखट तेलातलं, सावकाश चढतं, त्यांची ती बारकी मिरची कच्ची असते, डायरेक्ट कानात जाते. पोरगं वीस मिनिटं बोललं नाही.

गाडी निवडायची कशी, तर जिथं एकच पदार्थ करतात आणि ऑफिसचे लोक रांगेत उभे आहेत ती. ज्या हॉटेलात मेनूकार्डावर चाळीस फोटो आणि दारात बोलावणारा माणूस, तिथनं पुढं. फळ समोर कापून घ्यायचं, पाणी बाटलीचं, आणि पहिल्या दिवशी पोट थोडं रिकामं ठेवायचं. एका ताटात चौघांनी खायचं, म्हणजे एका संध्याकाळी सहा पदार्थ होतात. घरनं कडक भाकरी आणि चटणी न्या, जरूर न्या, पण ती रात्री हॉटेलच्या रूमवर, दिवसा नाही, नाहीतर आमच्या पहिल्या ट्रिपसारखं होतं, आपलंच खाऊन आपण परत.

नेण्यावरनं आठवलं. दुबई आणि सिंगापूरला खसखस चालत नाही, तिकडच्या कायद्यात ती अमली पदार्थांत धरतात, आणि आपल्या काळ्या मसाल्यात खसखस असते, अनारशावर तर वरनंच लावलेली असते. दिवाळीचा फराळ घेऊन निघालेल्यांनी हे आधी बघा. मावा-गुटख्याचं पण तसंच, सिंगापूरला चघळायची तंबाखू बंद, कुणाला खिशात ठेवायची सवय असेल तर सोलापूर स्टेशनलाच काढून घ्या. च्युइंगमसुद्धा नको. चटणी, मसाले काय असेल ते चेक-इन बॅगेत, हातातल्या बॅगेत पूड दिसली की उगाच उघडायला लावतात.

पैशाचं थोडक्यात सांगते. एक बाहत म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये, मनात तीननं गुणत जा, हिशोब थोडा जास्तच येईल पण खर्च आवरतो. सुवर्णभूमी एअरपोर्टवर सामान घेतल्यावर जे काउंटर दिसतात तिथं सगळे पैसे बदलू नका, खाली तळमजल्याच्याही खाली जिथनं रेल्वे सुटते तिथल्या काउंटरवर रेट बरा असतो. एटीएमला परक्या कार्डावर दर वेळी दोनशेच्या वर बाहत कापतात, त्यामुळं सारखं थोडं थोडं काढू नये. दुकानात कार्ड मशिननं "रुपयात की बाहतमध्ये" विचारलं तर बाहत, रुपये दाबलं की रेट ते लावतात. आणि थायलंडला जायच्या आधीच्या तीन दिवसांत एक डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, २०२५ च्या मे पासून, ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी सरकारी साइटवरच बघा, भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको.

खरेदीत आमचे हे कामाला येतात, एरवी नाही. चतुचक मार्केट शनिवार-रविवारचं, पंधरा हजाराच्या आसपास दुकानं, मधोमध घड्याळाचा टॉवर, चुकलो तर तिथं भेटायचं असं आधीच ठरवा कारण चुकणारच. सकाळी नऊ-दहाला जा, दुपारी पत्र्याखाली वाफ होते, आपल्या एप्रिलला पण लाजवेल. भाव विचारायला "थाओ राय", कमी करा म्हणायला "लोत दाय माय", नंतर सगळं कॅल्क्युलेटरवर. आपल्याकडं शंभरचं पन्नासवर आणतो तसं तिथं होत नाही. एक घेतलं तर दहा-वीस टक्के, तीन घेतले तर अजून, आणि हसत हसत. आवाज चढवला की ते गप्प होतात आणि माल परत ठेवतात, आपण जिंकलो असं वाटतं पण दुकान बंद झालेलं असतं. आणि एकदा भाव ठरवून मग नको म्हणणं तर फारच वाईट.

हत्तीच्या छापाच्या ढगळ पायजम्या सगळेच घेतात, घ्या, पण कापड पातळ असतं, दोन उन्हाळे निघाले तर निघाले. सिल्क घ्यायचं असेल तर सांभाळून. ह्यांची टेस्ट सोपी आहे: कडेचा एक धागा मागायचा आणि बाहेर येऊन काडी लावायची. केस जळल्यासारखा वास आणि राख बोटात चुरली तर रेशीम, कागदासारखं जळलं तर कॉटन किंवा रेयॉन, आणि वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. दुकानदार धागा देत नसेल तर काय ते समजा. थाई सरकारचा मोराचा शिक्का असतो चार रंगांचा, सोनेरी, रुपेरी, निळा, हिरवा, त्यात सोनेरी म्हणजे पूर्ण जुन्या पद्धतीनं केलेलं, आणि महाग. टॉवेल मात्र घेऊ नका बे कुणी, सोलापूरला राहून बँकॉकचा टॉवेल घेतला तर गल्लीत हसतील. (हे प्रत्येक हॉटेलात गेल्या गेल्या टॉवेल उलटा करून लेबल वाचतात. सवय आहे.)

मोठ्या दुकानात "व्हॅट रिफंड" चा बोर्ड असला आणि एकाच दुकानात एका दिवसात २००० बाहतच्या वर घेतलं की फॉर्म मागा, पासपोर्ट लागतो. कस्टमचा शिक्का लागणार का ते दुकानातच विचारा, लागत असेल तर एअरपोर्टवर बॅग चेक-इन करायच्या आधी घ्यायचा, बॅग गेल्यावर आठवून उपयोग नाही. बुद्धाच्या मूर्ती बाहेर न्यायला परवानगी लागते, त्या नादाला लागू नका. गणपती तिथंही भरपूर, फ्रा फिकनेत म्हणतात, चौकाचौकात लोक लाल फँटाची बाटली नैवेद्याला ठेवतात. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

संस्कृती म्हणून वेगळं काही बघायला तिकीट काढलंच पाहिजे असं नाही. संध्याकाळी सहाला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं आणि सगळी गर्दी जागच्या जागी उभी राहते, आपणही राहायचं. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, लेकराच्या पण नाही, आणि देवळात पाय मूर्तीकडं करून बसायचं नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. राजाच्या नावानं चेष्टा अजिबात नको, कायदा कडक आहे. एप्रिलच्या १३ ते १५ तारखेला सोंगक्रान असतो, त्यांचं नवीन वर्ष, रस्त्यावर नुसतं पाणी. शब्द आपल्या संक्रांतीचाच आहे. आपल्याकडं संक्रांतीला सिद्धेश्वराच्या काठ्या निघतात, होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते, त्यांच्याकडं त्याच नावाच्या सणाला बादल्या निघतात. त्या दिवसांत गेलात तर मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, आणि बाजार बरेच बंद हे धरून चाला.

बाकी गावांचं पटापट. सिंगापूरला हॉकर सेंटरमध्ये जेवा, स्वस्त आणि स्वच्छ. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ते विसरलेलं नाही, जागा धरलीय, आपण एसटीच्या खिडकीतनं रुमाल टाकतो तसं, त्याला "चोप" म्हणतात. ताट स्वतः उचलून ठेवायचं, नाहीतर दंड. लिटिल इंडियात टेक्का सेंटर सकाळी बघा, आणि सेरंगून रोडवर कोमला विलास, १९४७ पासूनचं, डोसा खाऊन सासूबाईंनी पहिल्यांदा परदेशाला पास केलं. चिनी शाकाहारी स्टॉलवर सोयाचं मटण मिळतं, अगदी मटणासारखं दिसतं, म्हणून त्यांनी तेही नाकारलं.

हनोईला नोटांवर शून्यच शून्य, वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखाची पण निळसर, रात्री अंधारात रिक्षावाल्याला देताना दोनदा बघा. दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यात ठेवायच्या. शाकाहारीला तिथला शब्द "चाय" (चहा नव्हे), आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक तिथं शाकाहारी जेवतात, म्हणजे आपली अमावास्या-पौर्णिमा बघून तिकीट काढलं तर जेवायची चंगळ. रस्ता ओलांडताना पळायचं नाही, एकाच चालीनं हळू चालत राहायचं, गाड्या आपल्याला वळसा घालून जातात. सोलापुरातल्या सात रस्ता चौकाची प्रॅक्टिस असलेल्याला जड नाही. दुबईत मॉल एक संध्याकाळ पुरे, बाकी वेळ देरा बाजूला, मसाल्यांचा बाजार, आणि खाडी ओलांडायला लाकडी अब्रा. रमजानमध्ये जात असाल तर दिवसा उघड्यावर खाताना आजूबाजूला बघा.

शेवटची संध्याकाळ मोकळी ठेवा, बॅगा भरायला. आम्ही बँकॉकला त्या संध्याकाळी एक दगडी खल घेतला, सहा किलोचा, सासूबाईंच्या हट्टानं, आणि रात्री अकराला बॅग काट्यावर ठेवून बघतो तर तीन किलो जास्त. मग हे अंगावर दोन शर्ट आणि एक जाकीट घालून एअरपोर्टला आले, बत्ता चेक-इनमध्येच टाकला कारण हातातल्या बॅगेत दगडाचा बत्ता दिसला तर सिक्युरिटीवाला काय समजेल. मुंबईला उतरून रात्रीची गाडी पकडली, आणि वजन जास्त म्हणून सगळ्यांनी आळीपाळीनं तो खल प्लॅटफॉर्मवरनं कडेवर घेतलेल्या बाळासारखा उचलला. चटणी त्यात बरी होते, पण उखळातली ती उखळातली, असं सासूबाईच म्हणतात आता.